मस्टर कुणाच्या हातात?

आपल्या वस्तीत आजवर जेवढे संशोधक आले तेवढे नळ आले नाहीत. कुणी संडास मोजून गेला, कुणी दारूचे गुत्ते मोजून गेला, कुणी आयाबायांना विचारून गेला की नवरा मारतो का, आणि मारतो तर आठवड्यातून किती वेळा. फॉर्म भरून झाले, चहा पिऊन झाला, प्रबंध झाला, पुस्तक निघालं, नोकरीत बढती मिळाली. वस्ती होती तिथंच राहिली. गटार होतं तिथूनच वाहिलं.

यावर आपल्या पोरांत सध्या दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, संशोधक दिसला की हाकला. दुसरा तट सेमिनारचं पत्र आलं की इस्त्रीचा शर्ट घालून तयार. माइकसमोर आपलं दुःख पंधरा मिनिटांत मांडतो, जेवणाचं कुपन घेतो आणि घरी येतो. मला हे दोन्ही पटत नाही. हाकलून लावल्यानं आपलं मोजमाप थांबत नाही. आता तर मोजायला माणूस यावाच लागत नाही. तुमच्या खिशातला फोन तुम्हाला मोजतो. किती वाजता उठलास, किती फेऱ्या केल्यास, सिग्नलला किती वेळ थांबलास, गिऱ्हाइकानं किती चांदण्या दिल्या. सगळं कुठंतरी लिहिलं जातंय. लिहिणारा दिसत नाही आणि वही आपल्याला बघायला मिळत नाही.

तेव्हा खरा सवाल हा की वही कुणाच्या हातात. हजेरीचं मस्टर ज्याच्या हातात त्याच्या हातात पगार, आणि पगार ज्याच्या हातात त्याच्या हातात पोट. गोदीत काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. त्यासाठी या खेपेचं संपादकीय एका संशोधक बाईंवर लिहितोय. त्यांनी मस्टर उलटं फिरवून दाखवलं, आणि पुढं स्वतःच लिहून ठेवलं की एवढ्यानं भागत नाही.

नाव लिली इराणी. नाव ऐकून कुणाला इराण्याचा ब्रून मस्का आठवला तर आठवू दे, पण या बाई अमेरिकेतल्या. सॅन डिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवतात. त्याआधी चार वर्षं गूगल कंपनीत डिझायनर होत्या, म्हणजे मालकाच्या घरात आतून वावरलेल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय भिंती नसलेला कारखाना. ज्याला गेट नाही, भोंगा नाही, कँटीन नाही, जिथला मजूर शेजारच्या मजुराचं तोंड जन्मात बघत नाही, असला कारखाना. तिथं माणसं कशी राबतात, त्यांना कोण राबवतं आणि ती एकत्र येतात कशी, हे बाई शोधतात.

हा कारखाना समजायचा तर आधी एका लबाड यंत्राची गोष्ट ऐका. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात, राणी मारिया थेरेसापुढं, वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं एक कपाट आणलं. कपाटावर बुद्धिबळाचा पट, पटामागं फेटा बांधलेला लाकडी तुर्क. किल्ली फिरवली की तुर्क हात उचलून डाव खेळायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. १८०९ साली नेपोलियनही त्याच्यापुढं हरला. लोक म्हणाले, काय अजब यंत्र, स्वतःच्या डोक्यानं चालतं! आणि कपाटात? कपाटात एक जिवंत माणूस अंग चोरून बसलेला असायचा. खेळणारा तो. टाळ्या यंत्राला. १८५४ साली फिलाडेल्फियात ते यंत्र आगीत जळून गेलं.

जळालं म्हणायचं आणि गप बसायचं. कारण २००५ साली ऍमेझॉन कंपनीनं इंटरनेटवर मजुरीचा एक बाजार उघडला आणि त्याला नाव दिलं मेकॅनिकल टर्क, म्हणजे तोच यांत्रिक तुर्क. चोरानं चोरीचीच पाटी दुकानावर लावावी तसं. वर बिरुद लावलं, कृत्रिम कृत्रिम बुद्धिमत्ता. म्हणजे बाहेरून वाटावं कॉम्प्युटर करतोय, आतून माणूस करतोय.

धंदा असा. जे काम कॉम्प्युटरला जमत नाही त्याचे हजारो तुकडे करायचे. फोटोत कुत्रा आहे की मांजर. बिलावरचा आकडा वाचून टाइप कर. दोन पानांवर एकच माल दाखवलाय का बघ. टेपमधला माणूस काय बोलला ते लिहून काढ. घाणेरडी चित्रं बघून बाजूला काढ. एका तुकड्याला काही सेंट. काम टाकणाऱ्याला म्हणायचं रिक्वेस्टर, आपल्या भाषेत शेठ. करणारा जगात कुठंही बसलेला. मधे ऍमेझॉन, आपल्या भाषेत मुकादम. २०१५ पासून या मुकादमानं शेठकडून घ्यायचं कमिशन वीस टक्क्यांवर नेलं.

आता या बाजाराचा कायदा ऐका. काम पुरं झाल्यावर शेठनं बघायचं आणि पसंत असेल तर पैसे द्यायचे. नापसंत म्हणाला तर दमडी नाही. का नापसंत, ते नीट सांगायची सक्ती नाही. आणि खरी मेख पुढंच आहे. नापसंत केलेलं काम शेठनं परत द्यायचं नाही, ते त्याच्याकडंच राहणार, तो ते खुशाल वापरणार. वर मजुराच्या नावापुढं एक डाग. असे डाग वाढले, पसंतीचा टक्का घसरला, की पुढची बरी कामं त्याला दिसायचीच बंद होतात.

दोस्तहो, हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय का? मला वाटलं. माझ्या आज्याला विचारलं असतं तर त्यालाही वाटलं असतं. वतनातला महार गावाची आणि सरकारची नडेल ती सगळी कामं करायचा. सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचा, सायबाच्या घोड्यापुढं पळायचा. बलुतं किती द्यायचं ते कुणब्याच्या मर्जीवर. मर्जी फिरली तर रिकाम्या घोंगडीनं माघारी. केलेलं काम मात्र केलेलंच राहायचं. पळालेलं अंतर कुणी परत देत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं ते उगीच नाही. वतनाच्या तुकड्यावर जीव टाकणाऱ्या आपल्याच माणसांना त्यांना समजवावं लागलं की हा मान नाही, ही वेठ आहे. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

इथं आपली शिकलेली पोरं एक मुद्दा काढतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ती म्हणतात, अरे, इंटरनेटवर जात कोण विचारतो? तिथं कामगाराला नाव नाही, आडनाव नाही, अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ म्हणजे कामगार. गाव कुठलं, वस्ती कुठली, कुणी विचारत नाही. शिवलं म्हणून कुणी भांडं घासत नाही. काम कर, पैसे घे.

बरोबर आहे. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही सरकतं ते ज्यानं बघितलंय त्याला नुसता नंबर असणं हेसुद्धा सुख वाटतं. मी त्या सुखाला हसणार नाही. पण नंबराला तोंड नसतं हेही बघा. आमच्या आज्यापणज्याला नाव होतं, शिवीसारखं का होईना पण होतं. त्या नावानं त्यांना हाकलायचे आणि त्याच नावानं ते महाडच्या तळ्यावर जमले. नंबर जमेल कुठं? एका नंबराला दुसरा नंबर दिसतच नाही. ज्या अंधारात तुमची जात झाकली जाते त्याच अंधारात तुमची मजुरीही कापली जाते. बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्याला शिकवलं की जातीनं नुसतं काम वाटलेलं नाही, कामगारच एकमेकांपासून तोडून, एकावर एक रचून ठेवलेत. हा नवा कारखाना कामगारांना एकावर एक रचत नसेल, पण तोडतो मात्र इतका की त्यांना एकमेकांचा वाससुद्धा येऊ नये.

आणि यात आपला संबंध काय असं विचारू नका. बरीच वर्षं ऍमेझॉन या कामाची रोख मजुरी अमेरिकेतल्या आणि भारतातल्या कामगारांनाच देत होतं. बाकीच्या बहुतेक देशांतल्या लोकांच्या हातात ऍमेझॉनच्याच दुकानातली कुपनं. इराणीबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१० साली या कामगारांची पाहणी छापली. तिच्यात दिसलं की २००९ संपता संपता साधारण तीनातला एक कामगार भारतातला होता. आज कॉम्प्युटर फोटो ओळखतो म्हणून जे कौतुक चाललंय त्याच्या मुळाशी इमेजनेट नावाचा चित्रांचा एक मोठा साठा आहे. तो २००९ साली जगापुढं आला. त्यातली चित्रं निवडायला, त्यांना नावं द्यायला १६७ देशांतले जवळपास पन्नास हजार मजूर याच बाजारातून लावले होते. यंत्राला डोळे आले म्हणतात. ते डोळे कुणाचे होते, त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत?

आता इराणीबाईंनी काय केलं ते बघू.

२००८ साली त्या विद्यार्थी होत्या, अर्व्हाइनच्या विद्यापीठात. सोबतीला सिक्स सिल्बरमन नावाचा दोस्त. संशोधकाची रीत अशी की बाहेर उभं राहून टिपण घ्यायचं. या दोघांनी त्याच बाजारात, शेठ ज्या फळीवर काम लावतो त्याच फळीवर, एक काम लावलं. मजुरांना सांगितलं, तुमच्या हक्कांची सनद तुम्हीच लिहा, आणि लिहिण्याचे पैसे घ्या. सदुसष्ट जबाब आले. त्यातल्या पस्तीस जणांनी सांगितलं की आमचं काम मनमानीनं नापसंत करतात. सव्वीस जण म्हणाले पैसे लवकर द्या, कारण पसंती सांगायला शेठला तीस दिवसांची मुभा होती. काहींनी किमान मजुरी मागितली. काही म्हणाले, आमच्या पत्राला कुणी उत्तरच देत नाही, ना शेठ ना कंपनी.

हे जबाब घेऊन एक बरा निबंध झाला असता. बाईंनी आधी हत्यार केलं. २००९ साली दोघांनी टर्कॉप्टिकॉन नावाची एक सोय उघडली. अठराव्या शतकाच्या शेवटी जेरेमी बेंथम नावाच्या इंग्रजानं एका तुरुंगाचा नकाशा काढला होता, पॅनॉप्टिकॉन. मधल्या मनोऱ्यातून एक पहारेकरी सगळ्या कोठड्यांवर नजर ठेवणार, कैद्याला मात्र तो दिसणार नाही. बाईंनी ते नाव घेतलं आणि नजर फिरवली. इथं कोठडीतला मनोऱ्यावर नजर ठेवणार.

चालायचं कसं? कामगारानं आपल्या कॉम्प्युटरवर ही सोय बसवायची. मग कामांच्या यादीत शेठच्या नावाशेजारी त्याचं प्रगतिपुस्तक दिसायचं, दुसऱ्या कामगारांनी भरलेलं. चार विषय. बोलतो का, म्हणजे विचारलं तर उत्तर देतो का. हात सढळ आहे का. न्यायानं वागतो का, उगाच नापसंत करतो का. पैसे वेळेवर देतो का. पाचातून मार्क. खाली हकिगत लिहायला जागा. लिहिणाऱ्याचं खरं नाव झाकलेलं, म्हणजे शेठला डूख धरता येऊ नये.

एवढंच. बॉम्ब नाही, बंदूक नाही. पण विचार करा. मजुराला मार्क देणारा शेठ हे जगानं हजारो वर्षं बघितलंय. शेठला मार्क देणारा मजूर किती वेळा बघितला? जोतिबांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला त्यात दुखणं हेच होतं की लेखणी एकाच जातीच्या हातात. दप्तर कुलकर्ण्याचं, अंगठा कुणब्याचा. दप्तरात काय लिहिलंय ते अंगठेवाल्याला कळायचं नाही. आज आपण मॅट्रिक झालो, बीए झालो, सही करतो. पण ऍपचं जे दप्तर आहे त्यात अजून आपण अंगठेबहाद्दरच. टर्कॉप्टिकॉननं अंगठेवाल्याच्या हातात लेखणी दिली. आणि आपण एकटे नाही, जो मला बुडवतो तो त्यालाही बुडवतो, हे त्या नंबरांना नीट कळलं.

अशा जागी थांबून टाळ्या वाजवायची आपली सवय वाईट. पुढं ऐका.

हत्याराची धार किती, हे इराणीबाईंनीच सांगितलं. मार्क दिल्यानं मजुरीचा दर वाढत नाही. वाईट शेठ टळतो, एवढंच. कायदा बदलत नाही, तो कंपनीच्या हातात. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही जणांबरोबर त्या डायनॅमो नावाच्या खटपटीत होत्या. कामगारांना एकत्र ठरवता यावं, मोहीम काढता यावी म्हणून ती जागा. तिथून कामगारांनी ऍमेझॉनचा मालक जेफ बेझोस याला पत्रं धाडली, की आम्ही माणसं आहोत, आमच्याकडं तसं बघा. तिथूनच आणखी एक फर्मान निघालं आणि ते मला फार आवडलं. विद्यापीठवाल्यांसाठी नियम. कारण या बाजारातले कितीतरी शेठ म्हणजे प्राध्यापकच! स्वस्तात सर्व्हे भरून घ्यायला तेही याच फळीवर काम लावत होते. कामगारांनी त्यांना लिहून दिलं की संशोधनासाठी आम्हाला राबवायचं तर दर काय द्यायचा, किती वेळ लागेल ते खरं कसं सांगायचं, काम नाकारायचं तर कारण कसं द्यायचं. ज्याला तपासायला निघाला त्यानंच तपासणाऱ्याला आचारसंहिता दिली.

तरी मजुरी? २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी २,६७६ कामगारांनी केलेल्या ३८ लाख कामांचा हिशोब मांडला. मधल्या कामगाराच्या हातात तासाला साधारण दोन डॉलर पडत होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची किमान मजुरी तेव्हा सव्वासात डॉलर. तेवढी मिळवणारे शंभरात चार. म्हणजे प्रगतिपुस्तक निघून नऊ वर्षं झाली तरी वर्गाची फी शेठच ठरवत होता.

आता शेवटची आणि आपल्या वर्मी लागणारी गोष्ट. टर्कॉप्टिकॉन गाजलं तेव्हा पेपरवाल्यांनी कौतुक कुणाचं केलं? विद्यापीठातल्या हुशार मुलीचं. बघा हिनं काय डिझाइन केलं! आणि जे मजूर रोज हकिगती लिहीत होते, खोट्या नोंदी उपटून टाकत होते, नव्या माणसाला शहाणं करत होते, ते परत कपाटात. २०१६ साली इराणी आणि सिल्बरमन यांनी यावरच निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मजुराला अदृश्य करणाऱ्या बाजाराविरुद्ध आम्ही हत्यार काढलं, तर त्या हत्याराच्या कौतुकात मजूर पुन्हा अदृश्य झाला. मजूर बिचारा, असहाय; डिझायनर तारणहार. ही गोष्ट सांगायला सोपी आणि विकायलाही सोपी. पण ती चालवली मजुरांनी. पुढं टर्कॉप्टिकॉनचा कारभार कामगारांच्याच संघटनेकडं गेला.

हा निबंध मी आपल्या चळवळीच्या आरशात वाचतो. आपल्यात डिझायनर कमी आहेत का? मोर्चात डोकं फुटलं एकाचं, फोटो आला दुसऱ्याचा. नामांतरासाठी जीव दिले कुणी, त्यावर मानधन घेऊन भाषणं ठोकतंय कोण. वस्तीतली बाई वीस वर्षं पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवते, आणि पुरस्कार तिच्यावर कविता लिहिणाऱ्याला. त्यात कवी आले, आणि मीही कविताच लिहितो, तेव्हा सांभाळून बोलतोय असं समजू नका. ज्याचं काम त्याचं नाव. एवढा साधा हिशोब चळवळीला जमत नसेल तर ऍमेझॉनला शिव्या द्यायचा हक्क आपल्याला कुठून आला?

बाईंचं २०१९ सालचं पुस्तक दिल्लीवर आहे. तिथल्या एका डिझाइन स्टुडिओत राहून, बसून, ऐकून लिहिलेलं. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. सरकार, कंपन्या, देणगीदार सगळे मिळून एक नवा आदर्श नागरिक घडवतायत, उद्योजक. नोकरी मागू नकोस, कल्पना काढ. हक्क मागू नकोस, संधी शोध. मग जो कल्पना काढतो तो देशाचा पुढारी आणि जो ती राबवतो तो नुसता हात. हे वाचलं आणि आपल्या गल्लीतली पोरं डोळ्यांपुढं आली. त्यांना कंपनी कामगार म्हणत नाही, पार्टनर म्हणते. पाऊस गुडघाभर, पेट्रोल स्वतःचं, बाइक हप्त्यावर, पाय मोडला तर खर्च आईचा. आणि पार्टनर! भागीदाराला धंद्याची वही बघायला मिळते. तुम्हाला कधी मिळाली?

काही जण म्हणतील हे सगळं नवीन आहे, यावर इलाज अजून निघायचाय. असं काही नाही. इलाज याच शहरात निघालेला आहे. मुंबईच्या गोदीत एके काळी टोळीवाल्याच्या मर्जीवर पाळी मिळायची. बोट लागली तर काम, नाहीतर उपाशी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला, त्याखाली मुंबईत बोर्ड आलं, कामगाराची नोंद झाली, पाळी नंबरानं लागायला लागली. नंबर तेव्हाही होता, पण तो नंबर म्हणजे हक्क होता. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली होती, तिच्या रेट्यातून. बाजारपेठेत ओझी वाहणारा माणूस एका मालकाचा नव्हता, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. मालक म्हणायचे, हा आमचा नोकरच नाही. ऍपवाले आज हेच म्हणतात, शब्द तेवढे इंग्रजी. माथाडी कायद्यानं त्यावर उत्तर दिलं. मालक कितीही असोत, सगळ्यांनी बोर्डात नोंद करायची, मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची. बोर्डातून मजुराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. आणि बोर्डावर कामगारांची माणसं. मस्टर मालकाच्या टेबलावरून उचलून तिसऱ्या टेबलावर ठेवलं, ही त्यातली क्रांती.

२०२३ साली राजस्थाननं ऍपवरच्या कामगारांसाठी नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा केला तो याच वाटेनं. २०२५ साली कर्नाटकानं केला. केंद्राची २०२० सालची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपनीनं उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे आहेत, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत. निधी येऊ दे, नको कोण म्हणतं? पण निधी म्हणजे दर नव्हे. ऍपनं आज दर का कापला, आयडी का बंद केला, कुठल्या हिशोबानं, ती वही त्या संहितेनं तुमच्या हातात दिलेली नाही. वतन गेलं आणि बलुत्याची मर्जी राहिली, असं होऊ देऊ नका.

म्हणून या अंकापासून दोन ठराव.

पहिला, वस्तीत येणाऱ्या संशोधकासाठी. हाकलायचं नाही, पण फुकटही सोडायचं नाही. काय विचारणार ते आधी सांगा. आमचा वेळ घेता त्याची मजुरी द्या. लिहिलेलं छापायच्या आधी मराठीत वाचून दाखवा. आणि जाताना हातात काहीतरी ठेवून जा, जे तुम्ही गेल्यावर आम्हाला वापरता येईल आणि ज्याची किल्ली आमच्याकडं राहील. हे कबूल असेल त्याला चहा आमच्याकडनं.

दुसरा, आपल्यासाठी. गोदीत, नाक्यावर, ऍपवर, सफाईच्या कंत्राटावर, कॉल सेंटरात, जिथं असाल तिथं एक वही घाला. शंभर पानी वही पुरे. रोज चार रकाने भरा. बोली काय झाली, काम किती तास केलं, हातात किती पडले, कापले ते कोणत्या नावाखाली. शेवटी शेठला मार्क द्या, पाचातून. या अनियतकालिकाची मागची चार पानं यापुढं त्यासाठी राखून ठेवलीत. लिहिणाऱ्याचं नाव झाकू, हकिगत पडताळून घेऊ, मार्क छापू. कविता दोन कमी छापल्या तरी चालतील. कवींनी राग मानू नये, त्यांनीही वही घालावी.

पन्नास वह्या जमल्या की त्या घेऊन आपण लेबर कमिशनरच्या दारात जाऊ. पाचशे जमल्या की ऍपवरच्या कामगारांचं बोर्ड मागू, माथाडीसारखं, दर ठरवणारं, वही उघडणारं. तोवर कपाटात बसलेल्या प्रत्येकानं निदान आतून दार ठोकायला सुरुवात करावी. शेजारच्या कपाटातून कुणीतरी उत्तर देईल.

जयभीम.